करीम अजून बोरीतच आहे

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका नव्या कथेचं दुसरं पान लिहीत होतो. ते म्हणाले, "यंदा कथा नको. कामाचा अनुभव लिहून पाठवा." मला वाटलं, एसटीतला अनुभव हवा असेल. दारव्ह्याच्या बसस्थानकावर मी वाहतूक नियंत्रक होतो आणि तिथूनच निवृत्त झालो. माईकवर गाड्या पुकारणारा आणि चौकशीच्या खिडकीत बसून उत्तरं देणारा माणूस तो मी. पण ते म्हणाले, "नोकरीचा नाही हो. कथा लिहिण्याचा."

सुमनला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"कथा लिहिणं काम हाये, असं त्यायले कोनं सांगतलं?"

"काम नाही तं काय हाये मग?"

"काम पुरं होत असते," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

तिचं चूक नाही. म्हणून हा लेख माझ्या पुऱ्या झालेल्या कथांबद्दल नाही. त्या छापून आल्या, ज्यांच्या हाती पडल्या त्यांनी वाचल्या. हा लेख माझ्याकडून पुरी न झालेल्या एका कादंबरीबद्दल आहे, आणि तिची वाट पाहत बसलेल्या माणसाबद्दल.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. वडील बाजार समितीत हमाल होते. आई कापूस वेचायला जायची, हंगामात जिनिंगवर. मी नगर परिषदेच्या शाळेत शिकलो. बारावीत बरे गुण पडले तेव्हा मराठीचे सर स्वतः घरी आले आणि वडिलांना म्हणाले, याला यवतमाळला पाठवा. यवतमाळात खोली मिळाली, पण खोलीत अंथरायला काही नव्हतं. ते कळल्यावर आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे अजीजचाचा डोक्यावर गादी घेऊन आले.

चाचा धंद्याने पिंजारी. ज्यांनी पिंजारी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गादी वापरून वापरून आतला कापूस दबतो, त्याच्या गाठी होतात. पिंजारी तो कापूस अंगणात काढतो आणि पिंजतो. पिंजण म्हणजे माणसाएवढी कमान, तिला आतड्याची तात, म्हणजे दोरी, ताणून बांधलेली. त्या तातीवर लाकडी ठोकळ्याने मारलं की ती थरथरते आणि कापसाच्या गाठी सुटून तंतू वर उडतात. मोकळा झालेला कापूस पुन्हा खोळीत भरायचा, टाके घालायचे, की गादी नव्यासारखी होते. आता यंत्र आलं आणि फोमही आला. तेव्हा मात्र दिवाळी झाली की पिंजणीचा आवाज गल्लीगल्लीत ऐकू यायचा.

माझी गादी चाचांनी घरच्या कापसाने भरली होती. वडील संकोचले. चाचा म्हणाले, "पोट्टा शिकाले चालला अन् जमिनीवर झोपंल? पाठ दुखून राह्यली तं डोक्शात काय जाईन त्याच्या?" त्या गादीवर झोपून मी बी.ए. झालो. चार लोकांसमोर बोलायची वेळ आली की मी हे सांगतोच.

निकाल लागल्यावर पेढे घेऊन गेलो. कॉलेजच्या वार्षिकात माझ्या गोष्टी छापून आल्याचं त्यांच्या कानावर गेलेलं होतं. त्यांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"बाबू, तू गोष्टी लिहून राह्यला म्हणे?"

"थोड्याफार, चाचा."

"खऱ्या का खोट्या?"

"खोट्याच."

"मंग माह्या भावाची एक लिही. खोटीच लिही. पण त्याले घरी आन."

त्यांचा थोरला भाऊ करीम. दरवर्षी दिवाळी झाली की तो पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव निघायचा. पुसद, उमरखेड, मग पांढरकवडा, वणी, आणि यवतमाळवरून परत. होळीच्या आत घरी. एका वर्षी होळी झाली, ऊन तापलं, मृग लागला, करीम आला नाही. चाचा तेव्हा तरुण होते. ते शोधत गेले. वणीपर्यंत माग लागला, त्यापुढे कोणी काही सांगेना. त्यांची आई दारात बसून राहायची. तीही गेली.

"खरं तं काई सापडलं नाई," चाचा म्हणाले. "खोटं तरी सापडू दे." मग त्यांनी पेढा खाल्ला.

पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं आणि मी कादंबरी लिहायला घेतली. सकाळी ड्युटीआधी लिहायचो. शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की चाचा सरळ बसस्थानकावर येत आणि कंट्रोल रूममध्ये माझ्या मागच्या बाकावर बसत. दुपारी दिग्रसची गाडी लागून गेली की जरा उसंत मिळे. चहा यायचा, चाचा तो बशीत ओतायचे आणि मी पानं वाचायचो. करीम कोणत्या गावात गेला, कोणाच्या ओसरीवर उतरला, कोणाची रजाई भरली, एवढंच त्यात होतं. चाचा मध्ये मध्ये सांगत राहायचे. करीमला कुत्र्याची भीती होती. तो गुळाचाच चहा प्यायचा. घरी आला की आधी पिंजण कोपऱ्यात उभी करायचा, मग हात धुवायचा, मग आईच्या पायाशी बसायचा, आणि बराच वेळ बोलायचा नाही. सगळं मी कादंबरीत घातलं.

काही गोष्टी मात्र चाचा वाढवायचे. करीम दरवेळी उंच व्हायचा.

"मांगं तं तुमी म्हणे तो तुमच्या खांद्याले लागे, चाचा."

"तवा मी उभा असन. आता बसलो हावो."

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "करीम कुठं पोचला?" माझ्या खिडकीवर दिवसभर लोक हेच विचारायचे, गाडी कुठे पोचली म्हणून. एकदा पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने आमचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "कोन्त्या गाडीनं येऊन राह्यले ते?"

"पायी येऊन राह्यला," चाचा म्हणाले. "टाइम लागंन."

आता कामाबद्दल सांगतो, कारण लेख त्यासाठी मागितला आहे.

लोकांना वाटतं, कथा सुचणं अवघड असतं. तसं नाही. बसस्थानकावर नोकरी करणाऱ्याला तर मुळीच नाही. अवघड असतो मधला भाग. सुरुवातीला करीम कुठेही जाऊ शकत होता. पन्नासेक पानं झाल्यावर तो फक्त तिथेच जाऊ शकतो, जिथे लिहून झालेला करीम जाईल. प्रत्येक पान एक वाट बंद करतं. आणि नेमक्या त्या वेळी नवी कथा खिडकीत येऊन उभी राहते. न लिहिलेल्या कथेत एकही चूक नसते. ती सगळी वाटांनी भरलेली असते. तिच्याकडे पाहिलं की टेबलावरची जुनी पानं डोळ्यांना नकोशी होतात.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा करीम पांढरकवड्यात होता. एक म्हातारी बाई खिडकीशी आली आणि एका गावाची गाडी विचारू लागली. ते गाव धरणात गेलेलं होतं.

"आजी, ते गाव कुठं राह्यलं आता?"

"मले मालूम हाये. माहेर हाये माहं."

"मंग गाडी कशी लागंल?"

"गाडी नोको. त्या भोंग्यात तू समद्या गावायचं नाव घेतं ना? त्याचंबी घे एकडाव."

मी घेतलं. फलाटावर कोणी मान वर केली नाही. ती डोळे मिटून उभी होती. नंतर पिशवी उचलून ती नेरच्या गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर मला करीमकडे परत जाता येईना. सकाळी बसलो की तीच बाई समोर. शेवटी तिची कथा लिहिली. चांगल्या दिवाळी अंकात आली, लांबून लांबून पत्रं आली. पुढच्या शुक्रवारी चाचांनी विचारलं, "करीम?"

"पांढरकवड्यालेच हाये, चाचा."

"आतालोक? तिथचा कापूस सरला असंन बाप्पा."

मी त्यांना ती कथा वाचून दाखवली. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "लय मस्त हाये. पण हे बाई कोन होय? इच्या घरून तुले गादी आलती काय?" आणि स्वतःच मोठ्याने हसले. मीही हसलो. तेव्हा हसता येत होतं.

दिवाळी अंकाचं एक वेळापत्रक असतं. उन्हाळा सरता सरता संपादक विचारायला लागतात, आणि पावसाळ्यात कथा हातावेगळी करावी लागते. ज्यांचे बापजादे लिहीत आले असतील त्यांना नाही म्हणता येत असेल. मला नाही आलं. हमालाच्या मुलाला कोणी नावानिशी फोन करून ‘तुमची कथा द्या’ म्हणतं, याचं मला अजून नवल वाटतं. त्यामुळे मी कायम हो म्हणत आलो. एका वर्षी बंजारा तांड्यावरचा एक म्हातारा शेळी घेऊन गाडीत चढला आणि कंडक्टरने शेळीचं तिकीट मागितलं. म्हातारा म्हणाला, "बारा वर्षाखाली हाफ ना? हिले तं दोनच झाले." गाडी तासभर उभी राहिली, अर्धे प्रवासी शेळीच्या बाजूने. ती कथा तर मी ड्युटीवरच लिहिली. लोक अजून भेटले की शेळीबद्दल विचारतात. करीमबद्दल कोणी विचारत नाही, कारण करीम कोणाला माहीतच नाही.

असं थांबत थांबत, कधी एकेक पान, कधी वर्षातून एखादा प्रसंग, करीम वणीहून यवतमाळला आणि यवतमाळहून बोरी अरबला आला. बोरी अरब म्हणजे त्या रस्त्यावर आमच्या आधीचं मोठं गाव. एसटीने अर्धा तास. सकाळी निघालेला माणूस जेवणवेळेला पायी घरी पोचतो. मी करीमला बोरीच्या बाजारात आणलं, त्याने चहाच्या हॉटेलच्या भिंतीला पिंजण टेकवली आणि गुळाचा चहा मागितला. ते वाचलं तेव्हा चाचा बशी तशीच धरून बसले. पुढच्या शुक्रवारी ते धुतलेला कुर्ता घालून, दाढी कोरून आले.

आणि मी तिथेच अडलो.

करीम घरी येणार तर त्याला उशीर का झाला, हे लिहिणाऱ्याला माहीत पाहिजे. वाचणाऱ्याला सांगा किंवा सांगू नका, आपल्याला पाहिजे. मला ते माहीत नव्हतं. आजार लिहून पाहिला, दुसरा संसार लिहून पाहिला, तुरुंग लिहून पाहिला. प्रत्येक वेळी करीम चहा प्यायचा आणि तिथेच बसून राहायचा. मी चाचांनाच विचारलं, तुमाले काय वाटते म्हणून.

"मले इच्यारू नोको," ते चिडून म्हणाले. "मले माहीत असतं तं तुले कायले सांगतलं असतं?"

नव्या कथा मला ओढून नेत, असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण एखाद्या दिवशी खिडकीत कोणी आलं नाही, तर मीच उठून फलाटावर चक्कर मारत असे. बोरीच्या त्या भिंतीजवळ करीमसमोर बसायचा मला धाक वाटायचा.

अशाच एका चकरेत मला देवाजीभाऊ भेटले. राजूरचे, कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काम करून निवृत्त झालेले. मुलगी दारव्ह्यात दिली होती, तिच्याकडे यायचे. घरात करमत नाही म्हणून बसस्थानकावर येऊन बसायचे. खूप मोठ्याने बोलायचे, यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय झालेली. मी त्यांना कंट्रोल रूममध्ये बोलावलं. आत पाऊल टाकताच त्यांनी मान वर करून छत पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग बसले. दरवेळी तसंच.

"काय पाह्यता भाऊ?"

"काई नाई. खाली राह्यलेल्या मानसाची आदत हाये. पडायच्या आंधी छत बोलते. पयले त्याचं आयकाव, मंग आपलं सांगाव."

मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी नवी वही उघडली आणि राजूरची कादंबरी सुरू केली. पहिला भाग भराभर झाला. मग तीही मध्यावर आली आणि अडली. मग आणखी कथा आल्या. करीम बोरीत, देवाजीभाऊ खाणीत, आणि मी दरवर्षी दिवाळी अंकात.

चाचा येतच होते. आधी काठी आली, मग नातू मोटारसायकलवरून सोडून जायला लागला. "करीम कुठं पोचला?" हा प्रश्न मात्र हळूहळू "बोरीतच काय?" असा झाला. नंतर तेही विचारणं बंद झालं. ते यायचे, चहा प्यायचे, आम्ही गाड्यांबद्दल बोलायचो. ते न विचारणं मला विचारण्यापेक्षा जड जात होतं. तरी मी लिहिलं नाही.

निवृत्त झालो तेव्हा सत्काराच्या भाषणात सांगितलं की आता कादंबरी पुरी करणार. चाचा पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. खिडकी सुटली, आता कोण येणार मला गोष्ट सांगायला, असं वाटलं होतं. पण भाजीवाल्याकडे, बँकेत, दवाखान्यात गोष्टीच गोष्टी. पहिल्याच वर्षी मी पाच कथा दिल्या.

मागच्या हिवाळ्यात चाचा अंगणात पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उभं राहणं संपलं. एक दिवस त्यांची सून शबाना घरी आली. ती दाराशीच उभी राहून म्हणाली, "भाईसाब, अब्बा झोपेत भावाले हाका मारून राह्यले. तुमी काई लिहून राह्यलते ना त्यायच्यासाठी? लवकर करा."

सुमनने माझं टेबल उचलून मागच्या खोलीत नेलं. मोबाइल स्वतःकडे ठेवला. "कोनी संपादक मरून राह्यला तरी सांगनार नाई," म्हणाली. आणि मी बसलो. उशिराचं कारण नाही शोधलं. म्हटलं, उशीर झाला एवढंच पुरे. करीमला बोरीच्या बाजारातून उठवलं, पिंजण खांद्यावर दिली, रस्त्याला लावलं. संध्याकाळ व्हायच्या आत दारव्ह्यात आणलं, गल्लीत आणलं, दार उघडायला अजीज. भाऊ भावाला भेटला. लिहिताना मला रडू आलं. आपण लिहिलेलं खरं आहे याची ती खूण आहे, असं मी तोवर समजत होतो.

शुक्रवारी दुपारी गेलो. चाचा खाटेवर होते, उशीला टेकवून बसवलेले. शबानाने त्यांचा चेहरा पुसून दिला, टोपी घातली. मी सांगितलं, "चाचा, करीम घरी आला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाच."

मी वाचलं. रस्ता वाचला, गल्ली वाचली, दार वाचलं. करीम उंबरा ओलांडून आत आला. त्याने मान वर करून छत पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तो बोलायला लागला, मोठ्याने, सगळं सांगायला लागला, एवढी वर्षं कुठे कुठे फिरला ते.

चाचांनी हात वर केला.

"थांब. हा कोन होय?"

"करीम, चाचा."

"घरात आल्या आल्या छताकडं कायले पाह्यते तो?"

मी पानाकडे पाहिलं.

"करीम छताकडं काहून पाह्यन? त्याचंच घर हाये. अन् येवढा बोलते? त्यानं पिंजण कुठं ठेवली? हात धुतले? मायच्या खाटीकडं पाह्यलंबी नाई त्यानं." त्यांचा आवाज चढला नाही. "म्या तुले सांगतलं होतं. तूनंच तं वाचून दाखोलं होतं मले."

खरं होतं. पहिल्या प्रकरणात मीच ते लिहिलं होतं, अक्षरन् अक्षर. आणि विसरलो होतो. चाचांच्या दारातून मी देवाजीभाऊंना आत आणलं होतं. राजूरच्या माणसाच्या खांद्यावर पिंजण दिली आणि त्याला करीम म्हटलं. तो खाणीतला माणूस इतकी वर्षं माझ्या डोक्यात अर्धवट राहिला होता. वाट दिसली तसा तो निघाला, आणि मला ओळखू आला नाही. असली चूक गवंडी करणार नाही, शिंपी करणार नाही. आमच्या धंद्यातच होते ती.

मी म्हणालो, "चाचा, दुरुस्त करून आनतो. पिंजण कोपऱ्यात ठेवतो, हात—"

"नोको." ते भिंतीकडे वळू लागले, पण पाय वळेना. शबानाने त्यांना धरलं. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "मले वाटलं होतं, तुले तरी माहीत असंन तो."

घरी येऊन मी दुरुस्त करायला बसलो. तांत्रिक काम आहे, दोन पानांचं. पिंजण कोपऱ्यात ठेवली, हात धुतले, आईच्या खाटेकडे पाहिलं, गप्प बसवलं. वाचलं, तर ती एका माणसाला दिलेल्या सूचनांची यादी वाटली. करीम त्यात नव्हता. तरुणपणी ज्या करीमला मी ओळखत होतो, ज्याच्याबरोबर पांढरकवड्यापर्यंत चाललो होतो, तो माझी वाट पाहून थकला असावा. पुन्हा पुन्हा लिहिलं. अजूनही लिहून पाहतो. दारात कोणीतरी येतं, पण तो नाही येत. कथा टिकतात, ठेवून दिल्या तरी खराब होत नाहीत, पुढच्या वर्षी घेऊ, असं मी नव्या लिहिणाऱ्यांना सांगायचो. ते चूक होतं. त्यांनी हे वाचलं तर बरं.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो नाही. तोंड नव्हतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी शबानाचा फोन आला. "अब्बा इच्यारून राह्यले, बाबू काहून आला नाई?"

गेलो. चाचा पहिल्यापेक्षा लहान दिसत होते. मी पिशवीतून पानं काढली नाहीत. त्यांनीच विचारलं, "आनलं ना?"

"कायचं, चाचा?"

"तेच. सुरूपासून वाच. बोरीलोक."

"अन् पुढं?"

"पुढं नोको."

तेव्हापासून मी दर शुक्रवारी जातो आणि वाचतो. पुसद, उमरखेड, पांढरकवडा, वणी. चाचा कधी ऐकतात, कधी मध्येच डोळे मिटतात, कुत्र्याचा प्रसंग आला की अजून हसतात. बोरी आली, करीमने भिंतीला पिंजण टेकवली, की ते हात वर करतात आणि मी थांबतो. मी ते करीमला घरी न्यायला म्हणून लिहिलं होतं. आता ते बोरीत थांबायला वाचतो.

एकदा असाच थांबलो. बाहेर शबाना मसाला कुटत होती. चाचा म्हणाले, "बाबू, बोरीत थंडी असंन ना रे?"

"असंन, चाचा."

"त्याच्यापाशी रजाई हाये ना?"

नव्हती. सगळ्या मुलखाच्या रजाया भरणारा करीम स्वतः गोणपाट पांघरतो, असं मी लिहिलं होतं, आणि त्या वाक्याचा मला फार अभिमान होता.

"हाये, चाचा," मी म्हणालो. "जाड हाये."

"मंग ठीक हाये."

त्या संध्याकाळी घरी येऊन मी ते वाक्य खोडलं आणि करीमच्या पाठीवरच्या गाठोड्यात एक रजाई घातली. करीम बोरीत थांबल्यापासून त्या कादंबरीत माझ्याकडून पडलेली ही एवढीच भर. पुढच्या शुक्रवारी मी त्या पानावर पोचलो तेव्हा जरा हळू वाचलं. मान वर करून पाहिलं, तर चाचांना झोप लागली होती. मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, आणि मग पुढे, बोरीपर्यंत, वाचत राहिलो.